माएबूरचा सोमवार: दाल पुरी, कसावाची बिस्किटं आणि बगळ्यांचं बेट

मॉरिशसला आलेलं कोणी ओळखीचं मला विचारतं, "एकच दिवस मोकळा आहे, कुठे जाऊ?" तेव्हा मी डोळे झाकून सांगते, तो दिवस सोमवार असू दे आणि सरळ माएबूर गाठा. समुद्रकिनारे कुठे पळून जात नाहीत. माएबूरचा आठवडी बाजार मात्र सोमवारीच भरतो, आणि बाजार, बिस्किटांचा कारखाना आणि समोरचं बेट ही तिन्ही ठिकाणं एका दिवसात आरामात होतात. मी आतापर्यंत चार वेळा गेले. दोनदा एकटी, एकदा नवऱ्यासोबत आणि गेल्या नोव्हेंबरात आई आली होती तेव्हा तिला घेऊन. हे लिहितेय ते मुख्यतः त्या शेवटच्या खेपेबद्दल.

आम्ही काटबोर्नला राहतो, तीन वर्षं झाली. मी मूळची देवगडची. खरं सांगायचं तर पहिलं वर्ष मी इथे राहून इथलं काहीच खाल्लं नाही. सुपरमार्केटात भारतातून आलेली पाकिटं शोधायची, तिप्पट पैसे मोजायचे आणि घरी येऊन म्हणायचं की इथे भाज्या मिळत नाहीत. पाहुणे आले की त्यांना एका बोटवाल्या कंपनीच्या दिवसभराच्या सहलीला न्यायचं. त्या सहलीत 'स्थानिक जेवण' म्हणून उकडलेला भात, टोमॅटोच्या रश्शातली कोंबडी आणि डब्यातला मका वाढला होता, ते अजून आठवतंय. बेटावर पाय टेकवून आलो, फोटो काढले, पण एका झाडाचंही नाव कोणी सांगितलं नाही.

मला शहाणं केलं शेजारच्या मावशींनी. त्यांचे पूर्वज कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला आलेले. इथे अशी बरीच मराठी घरं आहेत, आणि गणेश चतुर्थीला तर देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मावशी घरात क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलतात, आरत्या मात्र मराठीत तोंडपाठ. माझ्या हातातलं गोठवलेल्या मटारचं पाकीट बघून त्या एक दिवस म्हणाल्या, "मुली, लेंदी माएबूर जा." लेंदी म्हणजे सोमवार.

तर आधी बाजार. सकाळी आठच्या आत पोहोचा. क्युरपीपहून माएबूरची थेट बस मिळते, बस स्टँडवर उतरलं की गर्दीच्या मागे चालत जायचं, रस्ता विचारावा लागत नाही. कपडे, भांडी, प्लास्टिकच्या वस्तू यांची दुकानं बाहेरच्या बाजूला असतात, ती सोडून भाजीवाल्यांकडे वळा. माझ्यासाठी बाजाराचा जीव तिथे आहे.

आईला मी मुद्दाम आधी काही सांगितलं नव्हतं. ती एका भाजीवालीसमोर थांबली आणि म्हणाली, "अगं, हे तर अळू." ते अळूच होतं, त्याला इथे सोंज म्हणतात. पालेभाजी म्हणजे 'ब्रेद', म्हणून अळूची पानं झाली ब्रेद सोंज आणि शेवग्याचा पाला ब्रेद मुरुम. कढीपत्त्याला कारीपुले, कोथिंबिरीला कोतोमिली, दोडक्याला पिपांगाय. ही नावं तमिळ लोकांनी सोबत आणलेली, क्रेओलच्या जिभेवर थोडी घासून निघालेली. कारल्याला मार्गोज म्हणतात, ते पोर्तुगीजांच्या 'कडू'वरून आलंय. भेंडी म्हणजे लालो. आई एकेक भाजी उचलून मराठी नाव सांगायची, बाई क्रेओल नाव सांगायची आणि दोघी हसायच्या. एका टोपलीत नीरफणस होते. आमच्या परसात नीरफणसाचं झाड होतं, काप करून रव्यात घोळवून तव्यावर परतायचे. तो फणस आईने दोन्ही हातांत धरून वास घेतला आणि मला म्हणाली, "तू वर्षभर फोनवर रडत काय होतीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नोव्हेंबर म्हणजे इथे उन्हाळ्याची सुरुवात. आपल्याकडे आंबा संपून महिने झालेले असतात, तेव्हा इथे तो यायला लागतो. लीचीही त्याच सुमाराला. हापूसशी तुलना करू नका, निदान देवगडच्या माणसाने तरी करू नये. इथल्या आंब्याला त्याची स्वतःची चव आहे, आणि माझं विचाराल तर तो कच्चाच जास्त चांगला लागतो. त्यासाठी 'कोंफी'च्या गाडीवर जायचं. काचेच्या बरण्यांत कैरी, अननस, काकडी, आणि आपल्या आंबाड्याचा भाऊ शोभेल असं फ्रिसितेर नावाचं फळ, सगळं कापून मुरवून ठेवलेलं असतं. पिशवीत घालून वरून चिंचेचा आंबटगोड रस आणि लाल तिखट देतात. टूथपिकने खायचं. दात आंबतात, तरी पिशवी संपल्याशिवाय हात थांबत नाही.

आता दाल पुरी. मॉरिशसमध्ये राहून ज्याने ही खाल्ली नाही त्याने काय खाल्लं, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. बिहारकडून आलेल्या मजुरांची ही पुरी. नावात पुरी असली तरी तळत नाहीत, तव्यावर भाजतात. पिवळी डाळ शिजवून, कोरडी करून बारीक दळायची, त्यात जिरं, हळद घालायची आणि ते सारण मैद्याच्या उंड्यात भरून लाटायचं. पुरणपोळी करणाऱ्या बाईला यातली मेख लगेच कळते, कारण सारण ओलं राहिलं की पोळी फाटते. इथे तर ती इतकी पातळ लाटतात की उजेडासमोर धरली तर पलीकडचं दिसेल, आणि तरी कडेपर्यंत डाळ असते. आई पुरणपोळीत पक्की, गावात लग्नकार्याला तिला बोलावणं यायचं. गाडीवाल्याने कापडात गुंडाळलेल्या थप्पीतून दोन पुऱ्या काढल्या तेव्हा तिने त्यातल्या एकीची कड हळूच उलगडून बघितली आणि मान डोलावली.

पुरी नेहमी जोडीने विकतात. 'एन पेर' म्हणायचं, म्हणजे एक जोडी. त्यावर डबल बीन्ससारख्या मोठ्या पांढऱ्या वालाची आमटी, टोमॅटोचा रुगाय (घट्ट रस्सा), कोथिंबिरीची सातिनी (चटणीच ती) पसरतात. मग "पिमां?" असं विचारतात. हो म्हटलंत तर ठेचलेली मिरची येते. पहिल्यांदा जात असाल तर "एन ती पे" म्हणा, थोडीशीच. गुंडाळी करून कागदात देतात आणि ती तिथेच उभ्याने खायची. घरी नेऊन थंड खाल्ली तर ती दाल पुरी राहत नाही, नुसती पोळीभाजी होते. एका जोडीत माझी न्याहारी होते, आणि हॉटेलातल्या एका कपभर कॉफीला याहून जास्त पैसे पडतात.

शेजारच्या गाडीवर गातो पिमां तळत होते. भिजवलेली डाळ भरड वाटून, त्यात कांद्याची पात, कोथिंबीर, हिरवी मिरची घालून केलेले छोटे वडे. आपले वाटल्या डाळीचे वडेच, फक्त सुपारीहून थोडे मोठे. इथली माणसं ते लोणी लावलेल्या पावात कुस्करून खातात. पहिल्या वेळी मला हा प्रकार पटला नव्हता, आता मी तसेच खाते. घाणा कढईतून निघत असतानाच घ्या, थप्पी लावून ठेवलेले घेऊ नका. शेवटी आलुदा, म्हणजे गार दूध, अगार-अगारच्या शेवया आणि तुकमारिया. हा शब्द ऐकून आई परत थबकली. आजी सब्जाला तुकमराई म्हणायची, आणि तिच्यानंतर आमच्या घरात तो शब्द कोणी वापरलाच नव्हता. तो इथे, हिंदी महासागरातल्या एका बेटावर, हातगाडीच्या पाटीवर लिहिलेला होता. आलुदा मला जरा जास्तच गोड वाटतो, साखर कमी सांगितली तरी फरक पडत नाही कारण दूध आधीच गोड करून ठेवलेलं असतं.

बाजारातून नऊ-साडेनऊला निघा आणि पूल ओलांडून व्हील न्वारला जा. तिथे रोल घराण्याने 1870 साली सुरू केलेला कसावाच्या बिस्किटांचा कारखाना आहे. कारखाना म्हणतात म्हणून म्हणायचं, खरं तर मोठ्या स्वयंपाकघरासारखी जागा आहे. तिकीट काढलं की सगळं काम दाखवतात आणि शेवटी चहासोबत बिस्किटं चाखायला देतात.

कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा बनतो तोच कंद. अठराव्या शतकात फ्रेंच गव्हर्नर माए द ला बूर्दोने याने तो ब्राझीलहून या बेटावर आणला, आणि गंमत बघा, माएबूर गावाला नावही त्याचंच आहे. कंद सोलून, किसून, दाबून त्यातलं पाणी काढतात. हे पाणी काढणं महत्त्वाचं, कारण कच्च्या कसाव्यात विषारी अंश असतो. मग वाळवून, कुटून, चाळून पांढरंशुभ्र पीठ होतं. मैदा नाही, अंडं नाही. आईची एकादशी नव्हती, पण हे ऐकल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो उपासाला चालेल का असा. साध्या नारळाच्या बिस्किटाला काय हरकत आहे, असं आमचं दोघींचं ठरलं.

मला या जागेत जे मनापासून आवडलं ते भाजणं. मोठ्या सपाट तव्यांवर चौकोनी साचे मांडलेले असतात. एक बाई पीठ साच्यात भरते, हाताने सपाट करते, साचा उचलते, खाली बिस्किटं तशीच उभी राहतात. पिठात पाणी नाही म्हटलं तरी चालेल, तव्याच्या आचेनेच ते धरून येतं. थोड्या वेळाने एकेक उलटवतात. आणि खाली जाळ कशाचा? पाचटाचा. उसाचं वाळलेलं पाचट मुठी मुठीने चुलीत सारत एक बाई बसली होती. पाचटाचा जाळ भडकतो आणि लगेच बसतो, म्हणून तिला जागचं हलता येत नाही. पाचटाचा धूर, भाजलेल्या खोबऱ्याचा वास आणि पिठाने पांढरे झालेले तिचे हात. आई तिच्याशेजारी पाटावर बसली, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण चुलीपुढे बसायची सवय दोघींना होती. आईने दोन मुठी पाचट सारलं. त्या बाईने ते मागे ओढून थोडं पसरून दाखवलं, एवढं दाबून नाही घालायचं म्हणून.

बिस्किटाबद्दल खरं मत द्यायचं तर ते कोरडं आहे. नुसतं खाल्लं तर टाळूला चिकटतं. चहात बुडवलं की लगेच मऊ होतं आणि कंदाची हलकी गोडी कळते. नारळाचं सगळ्यात चांगलं, दालचिनीचं त्याखालोखाल. चॉकलेटचं मुलांना आवडेल, मला त्यात कसावा सापडतच नाही. पाकिटं टिकतात, भारतात न्यायला उत्तम. विमानतळावर बिस्किटांसाठी खर्च करण्यापेक्षा इथूनच घ्या.

दुपारी बेट. नाव इल ओ झेग्रेत, म्हणजे बगळ्यांचं बेट. नावाला बगळे, दिसतात दुसरेच पक्षी. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते आणि प्वाँत जेरोमच्या धक्क्यावरून त्यांची होडी सुटते. सकाळी आणि दुपारी फेऱ्या असतात, आधी नोंदणी करावी लागते. इथे राहणारे असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा, रहिवाशांसाठी दर वेगळा असतो. होडीत बसून पाच-सात मिनिटांत पलीकडे. किनाऱ्यावर पोहायला, वाळूत लोळायला म्हणून कोणी जाऊ नये, त्यासाठी हे बेट नाहीच. इथे वाटाड्यासोबत आखलेल्या पायवाटेने दीडेक तास चालायचं आणि बघायचं.

बेट फक्त 26 हेक्टरचं, आणि ज्वालामुखीच्या दगडाचं नाही, प्रवाळाच्या चुनखडीचं. चालताना पायाखालचा खडक खरखरीत, धारदार लागतो, म्हणून बंद बूट घाला, चपला चालणार नाहीत. इथे आबनुसाचं किनाऱ्यावरचं रान शिल्लक आहे. डच इथे आले 1598 ला, आणि त्यांनी व त्यांच्यानंतरच्यांनी मुख्य बेटावरचा आबनूस तोडून नेला. आबनूस म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातला. आमच्या वाटाड्याने माझ्या मनगटाएवढ्या खोडावर हात ठेवला आणि म्हणाला, याला लहान समजू नका, हे झाड फार सावकाश वाढतं. मग त्याने वाकून पाल्यातून बोटभर उंचीचं एक रोप दाखवलं. दोन पानं, दोन्ही तांबूस. ते तिथे कासवामुळे आलं होतं.

कासवाची गोष्ट अशी. मॉरिशसची स्वतःची मोठी जमिनीवरची कासवं माणसांनी खाऊन संपवली. ती कासवं आबनुसाची फळं खायची आणि बिया लांब नेऊन टाकायची. ती गेली, तेव्हा फळं झाडाखालीच पडून राहायला लागली. म्हणून सेशेल्समधल्या अल्दाब्राची कासवं इथे आणून सोडली. त्यांच्या पोटातून गेलेली बी जास्त चांगली रुजते, असं इथल्या अभ्यासात दिसून आलंय. आम्हाला असंच एक कासव वाटेत आडवं भेटलं. आम्ही थांबलो. त्याने मान लांब केली, एक पान ओढलं, सावकाश चावलं आणि दुसरं शोधायला लागलं. आई त्याच्याकडे बघत म्हणाली, "ह्यांना बियाणं पेरायला ठेवलंय म्हणायचं." वाटाड्याला मी याचं भाषांतर करून सांगितलं, तो म्हणाला, अगदी बरोबर.

गुलाबी कबुतर दिसेलच असं कोणी आश्वासन देत नाही, पण मला चारही वेळा दिसलं. 1990 च्या सुमारास ही कबुतरं रानात जेमतेम दहाएक उरली होती. आता काहीशे आहेत. आमच्या डोक्यावर, हात वर केला तर पोहोचेल एवढ्या फांदीवर एक येऊन बसलं. गुलाबी म्हणजे भडक नाही, जुन्या धुवट रेशमासारखा रंग, पंख तपकिरी, शेपटी विटकरी. पायांत रंगीत कड्या होत्या. या कड्यांवरून संस्थेचे लोक प्रत्येक पक्षी ओळखतात. त्याने आमच्याकडे एक डोळा करून बघितलं आणि पिसं साफ करायला लागलं. मुंबईच्या कबुतरांना वैतागलेली माझी आई पाच मिनिटं मान वर करून उभी होती.

परतताना वाटाड्याने समुद्राकडे बोट केलं. 25 जुलै 2020 ला वाकाशिओ नावाचं मालवाहू जहाज याच भागात प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल सांडलं. तो तेव्हा शाळेत होता. संस्थेच्या लोकांनी या बेटावरची रोपं आणि काही प्राणी उचलून सुरक्षित जागी हलवले. आणि गावकऱ्यांनी काय केलं? तेल अडवायला जे हाताशी होतं ते घेतलं. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात पाचट भरलं, तरंगायला रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि त्या समुद्रात सोडल्या. तो सांगत होता, आम्ही मुलं रांगेत बसून पाचट भरायचो, हात कापायचे, अंगाला तेलाचा वास यायचा. सकाळी त्याच पाचटावर भाजलेलं बिस्किट माझ्या पिशवीत होतं. मी ते काढून त्याच्या हातावर ठेवलं, बोलायला काही सुचलं नाही. त्याने ते खिशात ठेवलं, कारण बेटावर पदार्थांचा चुरा सांडू देत नाहीत, उंदीर यायला नकोत म्हणून.

जाणाऱ्यांसाठी थोडं. डासांचं मलम लावा, पाण्याची बाटली न्या, पोट भरून जा कारण बेटावर खायला मिळत नाही. वयस्कर माणूस सोबत असेल तर उन्हाळ्यात सकाळची फेरी घ्या आणि बाजार त्याआधी उरका. आम्ही दुपारी गेलो, आईला ऊन लागलं, माझी चूक झाली. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचीही बरी, पण त्या दिवसांत आग्नेयेचा वारा जोरात असतो, होडीत अंगावर पाणी उडतं. वाटाडे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बोलतात. मुलं सात-आठ वर्षांची तरी असावीत, त्याहून लहान दीड तास चालत नाहीत.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा पिशवीत सोंजच्या दोन जुड्या, एक नीरफणस आणि बिस्किटांची चार पाकिटं होती. नारळाचं पाकीट मावशींना द्यायला गेले. त्यांनी चहा टाकला. आईने त्यांना विचारलं, तुमच्याकडे अळू घशात खाजतं तेव्हा काय घालता. प्रश्न मी क्रेओलमध्ये सांगेपर्यंत मावशींना तो कळला होता. त्या उठल्या, फडताळातून बरणी काढली आणि आईच्या तळहातावर चिंचेचा एक गोळा ठेवला.